सगळ्यांना चालणारं रक्त

साहेबराव ओव्हाळ यांनी आयुष्यात एकदाही रक्तदान केलं नव्हतं. पण रक्तदानावर त्यांच्याइतकं बोललेला माणूस निगडीपासून भोसरीपर्यंत सापडला नसता. दर चौदा एप्रिलला विहारासमोर मांडव पडायचा, मांडवात कॉट लागायच्या, आणि साहेबराव संयोजक असायचे. ज्याच्या खिशाला बिल्ला असतो आणि ज्याला कॉटवर आडवं व्हायला वेळ मिळत नाही, त्याला संयोजक म्हणतात. कधी दाढेचं औषध चालू असायचं, कधी सर्दी, कधी पाहुण्यांची गाडी चौकात अडकलेली असायची. खरी गोष्ट एवढीच होती की तरुणपणी कंपनीच्या शिबिरात रांगेत उभं असताना त्यांनी पुढच्या माणसाची पिशवी रक्त गोठू नये म्हणून हलवत ठेवणाऱ्या ताटलीत डुलताना पाहिली होती आणि ते रांगेतच खाली बसले होते. सुईचं त्यांना काही नव्हतं. कंपनीत साखर बघायला बोट टोचायचे, तेव्हा ते मान वळवून उभे राहायचे. पण आपलं रक्त आपल्या बाहेर, पिशवीत, आपल्याशिवाय हलतंय, हे त्यांना सोसवणारं नव्हतं.

रक्त न देताही रक्ताची सेवा करता येते. साहेबरावांनी एक फ्लेक्स करून घेतला होता. वर आई-वडिलांचे गट, खाली मुलांचे. पडद्याचा जुना रॉड हातात घेऊन ते फ्लेक्ससमोर उभे राहत आणि समजावून सांगत. प्रत्येक माणसाला जन्मताना दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडची, एक बापाकडची. चिठ्ठीवर ए असतो, बी असतो, नाहीतर ती कोरी असते. एक ए आणि एक कोरी, म्हणजे माणूस ए. एक ए आणि एक बी, म्हणजे एबी. दोन्ही कोऱ्या, म्हणजे ओ. मग रॉड शेवटच्या ओळीवर यायचा. आई ओ, बाप ओ. दोघांकडे देण्यासारख्या फक्त कोऱ्या चिठ्ठ्या. "मग पोरगं बी कुठून आणणार?" साहेबराव विचारायचे, आणि थोडं थांबून, "बाजारातून?"

मांडव हसायचा. बायकांच्या रांगेत बसलेल्या गिरजाबाईही हसायच्या. तोच विनोद त्या लग्नानंतर दरवर्षी ऐकत आल्या होत्या, पण नवऱ्याच्या विनोदाला चारचौघांत हसायचं असतं, हे मावळातल्या त्यांच्या आईने त्यांना शिकवून पाठवलं होतं.

शेवटी साहेबराव गळ्यातलं कंपनीचं कार्ड हातात धरून वर करायचे. "मी स्वतः ओ पॉझिटिव्ह. सगळ्यांना चालणारा."

हे कार्ड त्यांना कंपनीने दिलं होतं. भोसरी एमआयडीसीत पत्रा कापून दाबून त्याचे भाग काढणारी कंपनी. साहेबराव तिथे ठेकेदाराच्या बॅचमधून लागले, पुढे परमनंट झाले. कार्ड आधी पुठ्ठ्याचं होतं, मग लॅमिनेशनचं, मग प्लास्टिकचं, मग गेटवरच्या मशीनला दाखवायचं. फोटोतले केस पांढरे होत गेले, मिशी गेली, चष्मा आला. रक्तगट मात्र पहिल्या कार्डावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर तसाच उतरत आला. गिरजाबाईंचाही गट ओ पॉझिटिव्ह. तो मात्र बाळंतपणाच्या वेळी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात खरोखर तपासून सांगितलेला.

त्या बाळंतपणाचा मुलगा म्हणजे आयुष. त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला. घरात पहिल्यांदाच कुणी ठेकेदाराशिवाय नोकरीला लागत होतं. कार्ड मिळालं त्या दिवशी गिरजाबाईंनी ते बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवलं, वर मोगऱ्याचं फूल ठेवलं, आणि साहेबराव फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर फूल बाजूला करून त्यांच्या हातात दिलं.

"आयुषचे पप्पा, बघा तरी फोटो कसा आलाय."

गिरजाबाई नवऱ्याला आयुषचे पप्पाच म्हणायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तर हाक मारायला काहीतरी लागतं. आयुष व्हायच्या आधी त्या नुसतं "अवो" म्हणायच्या, आणि आयुष झाल्यावर त्यांची मोठीच सोय झाली.

साहेबरावांनी फोटो पाहिला. नाव पाहिलं. खाली लिहिलेलं पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"बी?" ते म्हणाले.

आयुष म्हणाला, हो, बी पॉझिटिव्ह. साहेबरावांनी विचारलं, नीट तपासलं का. आयुष हसून म्हणाला, कंपनीने स्वतःच्या दवाखान्यात तपासलंय पप्पा, मोठी कंपनी आहे, असं कसं चुकेल.

गिरजाबाईंच्या हातात पळी होती. ती हातातच राहिली. फ्लेक्सची शेवटची ओळ त्यांनाही पाठ होती. घरात रॉड नव्हता, फ्लेक्स नव्हता, मांडव नव्हता, तरी दोघांनी एकाच क्षणी ती ओळ वाचली, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. साहेबरावांची कंपनी चुकणं शक्य नव्हतं. आयुषची कंपनी तर मोठीच होती. दोन्ही कंपन्या बरोबर धरल्या, तर मधे फक्त गिरजाबाई उरत होत्या.

साहेबराव म्हणाले, "फोटो चांगला आलाय." आणि हात धुवायला गेले.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. वस्तीतल्या भांडणांना आवाज असतो, शेजारी येतात, कुणीतरी मधे पडतं, आणि तासाभरात चहा होतो. ओव्हाळांच्या घरात काहीच झालं नाही. साहेबराव वेळेवर शिफ्टला जात, वेळेवर येत, जेवत. फक्त ते मनातल्या मनात जुन्या शिफ्ट लावू लागले. आयुष जन्मला त्याच्या आधीच्या वर्षी कंपनीत काम भरपूर होतं. परमनंट व्हायचं होतं म्हणून साहेबराव ओव्हरटाइम सोडत नव्हते. आणि त्याच वर्षी त्यांचा चुलतभाऊ कोंडीराम नोकरी शोधायला गावाहून येऊन त्यांच्या एका खोलीत राहिला होता. दिवसभर नोकरी शोधणारा माणूस दिवसभर घरीच असतो.

कोंडीराम पुढे सिटी बसवर कंडक्टर झाला, लग्न झालं, चिखलीला राहायला गेला. पण चौदा एप्रिलला तो चुकायचा नाही. पहिल्या कॉटवर तोच असायचा, आणि गेली कित्येक वर्षं साहेबराव त्याला मांडवात शाल घालत होते. त्याच्या हेल्मेटवर लाल रंगात त्याचा रक्तगट लिहिला होता.

बी पॉझिटिव्ह.

त्या एप्रिलला साहेबरावांनी कोंडीरामला फोन केला नाही. तरी तो आला. सवयीने पहिल्या कॉटवर झोपला, रक्त दिलं, सरबत प्यायला, बिस्किटं खाल्ली आणि शालीची वाट बघत खुर्चीत बसून राहिला. शाली त्या वर्षी एका नगरसेवकाला आणि त्याच्या मेव्हण्याला घालायच्या होत्या. जाताना त्याने गिरजाबाईंना विचारलं, दादाचं काही बिनसलंय का. गिरजाबाई म्हणाल्या, उन्हाचा त्रास होतोय त्यांना.

मग साहेबराव रॉड घेऊन फ्लेक्ससमोर उभे राहिले. चिठ्ठ्या झाल्या, ए झाला, बी झाला, एबी झाला. शेवटच्या ओळीपाशी येऊन त्यांनी रॉड खाली घेतला आणि रक्तदान हेच श्रेष्ठ दान म्हणून समारोप करायला घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ साहेबराव, बाजार राहिला की!" मांडवाला तो विनोद पाठ होता. न सांगितलेल्या विनोदाला मांडव सांगितल्यापेक्षा जास्त हसला. बायकांच्या रांगेत एकच बाई हसली नाही.

घरी आल्यावर गिरजाबाईंनी दार लावलं.

"बाजार राहिला म्हनत व्हते लोक."

साहेबराव म्हणाले, वेळ कमी होता.

"आयुषचे पप्पा, मनात हाय ते बोला. नाव घ्यायचं तर नाव घ्या."

"मी काही म्हटलंय का?"

"त्येच तर. काय म्हन्ला न्हाईत. भावजींना फोन केला न्हाई, शाल दिली न्हाई, पोराच्या ताटाकडं बघत न्हाई. तुमी येकदा तुमचं रगत तपासून घ्या. बोटभर लागतंय. पिशवी न्हाई लागत."

"कंपनीनं तपासलंय."

"कंपनीला कधीपास्नं वळखता?"

"लग्नाच्या आधीपासून," साहेबराव म्हणाले.

 गिरजाबाई आत गेल्या आणि पीठ मळायला बसल्या. रक्त तपासायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

लॅब कोपऱ्यावरच होती, दूध डेअरीच्या वर. साहेबराव रोज तिच्याखालून जात. वर जायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण ते हिशोब करत. बी निघाला, तर इतके दिवस आपण जे केलं त्याला काय म्हणायचं? आणि ओ निघाला, तर उद्यापासून घरात वावरायचं कसं? न तपासता निदान संशय होता, आणि संशय घेऊन माणूस शिफ्टला जाऊ शकतो, भाजी आणू शकतो, वीजबिल भरू शकतो. ते दूध घेत आणि घरी जात.

आयुषला सगळं कळायला वेळ लागला नाही. आजकालच्या मुलांना बापाचं तोंड वाचता येत नाही, पण मोबाइल वाचता येतो. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, पप्पा, मी वाचलं, एक बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून असतो. खूप दुर्मीळ. मुंबईत पहिल्यांदा सापडला. त्या माणसाला तपासलं तर तो ओ दिसतो, पण त्याच्या आत ए किंवा बी दडलेला असतो, आणि तो मुलांकडे जाऊ शकतो. तुमचं तसं असेल.

साहेबरावांनी घास खाली ठेवला. किती लोकांत असतो, त्यांनी विचारलं.

आपल्याकडे दहा हजारात एक, आयुष म्हणाला.

साहेबरावांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी उजेड आला. दहा हजारात एक. मांडवात सांगण्यासारखी गोष्ट. त्यांनी आणखी थोडी भाजी मागितली, आयुषला विचारलं कँटीनला जेवण कसं असतं, आणि उद्या फ्लेक्सवाल्याला सांगून एक ओळ वाढवून घ्यावी का, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

गिरजाबाई भाजी वाढता वाढता थांबल्या.

"म्हंजी मी खरी ठरायला धा हजारात येक मानूस लागतो."

 आयुषचा चेहरा उतरला. आपण आईला सोडवायला गेलो आणि तिलाच आणखी बांधून ठेवलं, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो बापाकडे वळून, जरा हसण्यावारी नेत म्हणाला, "जाऊ द्या ना पप्पा, ग्रुपचं काय घेऊन बसलात. सगळी वस्ती म्हणते मी तुमच्यासारखा चालतो. डावा पाय बाहेर टाकून."

"चालणं शिकता येतं," साहेबराव म्हणाले.

त्यांना हे बोलायचं होतं की नाही, कोण जाणे. पण ते बोलले, आणि नीट ऐकू जाईल असं बोलले. आयुष उठला, हात धुतला, ताट उचलून मोरीत ठेवलं. पुढच्याच आठवड्यात तो चाकणला मेदनकरवाडीत कंपनीतल्या मुलांसोबत खोली घेऊन राहायला गेला. शिफ्टला जवळ पडतं, असं त्याने सांगितलं आणि तिघांनीही ते मान्य केलं.

मग घरात दोघंच राहिली. एक बदल एवढाच झाला की गिरजाबाई आता नवऱ्याला जास्त वेळा आणि जास्त मोठ्याने हाक मारू लागल्या. आयुषचे पप्पा, पाणी तापलंय. आयुषचे पप्पा, गॅसवाला आलाय. गॅलरीत उभं राहून, खालच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशी, आयुषचे पप्पा, कोथिंबीर घेऊन या. वस्तीला त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबरावांना प्रत्येक हाक कोर्टात साक्षीला बोलावल्यासारखी वाटे.

असं वर्ष सरत आलं. मार्च महिन्यात साहेबरावांच्या स्कूटरची क्लच केबल तुटली आणि ते ती ढकलत भोसरीत इब्राहिमच्या गॅरेजवर घेऊन गेले. इब्राहिम त्यांच्याच बॅचचा. ठेकेदाराकडे दोघं एकाच दिवशी लागले होते. इब्राहिम परमनंट व्हायची वाट न बघता बाहेर पडला आणि त्याने टू-व्हीलरचं गॅरेज टाकलं. बऱ्याच महिन्यांनी भेट झाली होती. इब्राहिम निम्मा झालेला दिसत होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणाला. चहा मागवला, केबल काढायला बसला, आणि ऑपरेशन झालेली माणसं सांगतात तसं पहिल्यापासून सांगू लागला.

"आणि गंमत ऐक. डॉक्टर विचारतो ग्रुप कोणता. मी ऐटीत सांगितलं, ओ पॉझिटिव्ह. तपासला तर ए. मी म्हटलं, साहेब, कंपनीच्या कार्डावर ओ होता. तो हसायला लागला."

साहेबरावांनी कप खाली ठेवला. "मग कार्डावर ओ कसा?"

"अरे, आपली पूरी बॅचच ओ होती ना राव. तो ठेकेदाराचा मुनशी नव्हता का, ज्योतीराम? कंपनीनं सांगितलं सगळ्यांचे ग्रुप पाहिजेत. लॅबचा खर्च कोण करणार? त्यानं सरळ सगळ्यांपुढं ओ पॉझिटिव्ह लिहिलं. मी विचारलं होतं त्याला तेव्हाच. म्हणाला, ओ सगळ्यांना चालतो, कुणाला काही झालं तर घोळ नको."

 तसा विचार केला तर ज्योतीरामचं फारसं चुकलंही नव्हतं. प्रेसमध्ये कुणाचा हात गेला असता आणि कार्ड पाहून त्याला ओ रक्त चढवलं असतं, तर बहुतेक तो वाचलाच असता. ज्योतीरामने सगळ्या धोक्यांचा विचार केला होता. फक्त लग्नाचा केला नव्हता.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

इब्राहिमने वर पाहिलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुला काय सांगायचं? तू दरसाल शिबिर घेतोस. मला वाटलं, तू रक्त देतोस, तर तुला पहिल्याच साली कळलं असणार."

साहेबराव उठले. स्कूटर तशीच, केबल लोंबत असलेली, टाकून ते रस्त्यावर आले आणि समोर दिसली त्या पहिल्या लॅबमध्ये शिरले. बोट पुढे केलं. या वेळी त्यांनी मानही वळवली नाही. काचेवर तीन थेंब पडले, मुलीने काच हलवली, आणि दोन थेंबांत दूध फाटावं तसं रक्त फाटलं. बी पॉझिटिव्ह, ती म्हणाली. एवढ्या साध्या वाक्याला हा माणूस का रडतोय हे न कळून तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाहेर येऊन त्यांनी आधी आयुषला फोन लावला. "माझा बी आहे," ते म्हणाले. "बी पॉझिटिव्ह. आत्ता तपासला." पलीकडे मशीनचा आवाज येत होता.  आयुष म्हणाला, "बरं पप्पा. सुपरवायझर आलाय. ठेवतो."

साहेबरावांनी अर्धा किलो पेढे घेतले.

गिरजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. साहेबरावांनी रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला, त्यावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. केबल, इब्राहिम, पित्ताशय, ज्योतीराम, पूरी बॅच ओ. सांगताना ते हसत होते, हातवारे करत होते. आयुष्यभर मांडवात केलेल्या भाषणांपेक्षा हे भाषण चांगलं झालं. मधे मधे ते म्हणत होते, बघ, सगळा घोळ त्या ज्योतीरामचा.

गिरजाबाईंनी बॉक्स बाजूला केला, रिपोर्ट वाचला, घडी करून परत दिला. मग एक काडी निवडून टाकली.

"म्हंजी इब्राहिमभावजींनी सांगितल्यावर ग्येलात."

"हो ना. तसाच गेलो. स्कूटर पण तिथंच आहे."

"बी निघनार ह्ये कळल्यावर ग्येलात."

साहेबरावांचं हसू चेहऱ्यावर होतं, ते काढायचं कसं हे त्यांना सुचेना.

"आन् ओ निघालं असतं तर?"

"पण निघालं नाही ना."

"निघालं असतं तर, इचारते."

साहेबरावांनी पेढ्यांच्या बॉक्सकडे पाहिलं. बॉक्सवर दुकानाचं नाव होतं, शाखा होत्या, फोन नंबर होता. 

"ओ निघालं असतं तरी मी हीच व्हते," गिरजाबाई म्हणाल्या, आणि मेथीच्या काड्या कागदात गोळा करून उठल्या.

साहेबरावांनी पुढे जमेल ते सगळं केलं. ते चिखलीला कोंडीरामकडे गेले आणि त्याचे दोन्ही हात धरून माझं चुकलं म्हणाले. कोंडीराम गोंधळला. शाल न दिल्याचं एवढं काय मनावर घ्यायचं, म्हणाला. मग साहेबरावांना वाटलं, आलोच आहोत तर नीट सांगावं, आणि त्यांनी चिठ्ठ्यांपासून सुरुवात करून नीट सांगितलं. कोंडीरामला तोवर काहीही माहीत नव्हतं. साहेबरावांनी माफी मागितली आणि त्या माफीतूनच त्याला कळलं की वर्षभर आपल्यावर काय आळ होता. 

"दादा, आपला आजा येकच," तो म्हणाला. "तुझ्यात बी असला तर तो माझ्यात असायला काय नवल? ह्ये नव्हतं व्हय तुझ्या फ्लेक्सवर?"

नव्हतं. फ्लेक्सवर आई, वडील आणि मुलं होती. आजोबा बसले नव्हते.

कंपनीत जाऊन साहेबरावांनी कार्ड दुरुस्त करायचा अर्ज दिला. एचआरमधल्या मुलीने आदराने बसवून सांगितलं की रक्तगट ही माहिती सिस्टिममध्ये बदलता येत नाही, कारण रक्तगट बदलत नसतो. शिवाय सर, तुम्ही या महिनाअखेरीस रिटायरच होताय. हे खरंच होतं. साहेबराव ओ पॉझिटिव्ह म्हणूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात कंपनीच्या मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं की ओव्हाळ हे त्यांच्या रक्तगटासारखेच, सगळ्यांना चालणारे. टाळ्या पडल्या.

गिरजाबाई आता बहुतेक दिवस मेदनकरवाडीत असतात. मुलं बाहेरचं खाऊन आजारी पडतात, असं त्यांनी सांगितलं आणि कुणी वाद घातला नाही. आठवड्यातून एकदा त्या निगडीला येतात, डबे भरून ठेवतात, फोटोंसमोर मेणबत्ती लावतात. आयुष सणावाराला येतो, बापाच्या पाया पडतो, आणि चालताना डावा पाय बाहेर जाऊ नये याची काळजी घेतो. ते पाहणं साहेबरावांना सगळ्यांत जड जातं. 

त्या वर्षी चौदा एप्रिलला साहेबराव पहिल्या कॉटवर झोपले. संयोजकाचा बिल्ला त्यांनी दुसऱ्या कुणाच्या खिशाला लावला होता. फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर टाकला होता. सुई गेली, नळी लाल झाली, आणि त्यांनी मान वळवून, मुद्दाम, ताटलीत डुलणारी पिशवी पाहिली. त्यांना काहीही झालं नाही. एवढ्यासाठी आपण आयुष्यभर ही रांग टाळली, असं त्यांच्या मनात आलं. कोंडीराम आला नव्हता. तो आता आकुर्डीच्या शिबिरात देतो, असं कुणीतरी सांगितलं.

रक्त देऊन झाल्यावर ते सरबताचा ग्लास हातात धरून खुर्चीत बसले. गिरजाबाई त्या दिवशी आल्या होत्या. मांडवाच्या पलीकडे, जेवणाच्या पंगतीपाशी त्या ताटं लावत होत्या. तिथून त्यांनी हाक मारली.

"ओव्हाळसाहेब, ताट वाढलंय."

शेजारच्या खुर्चीतला माणूस हसला. निवृत्त झाल्यावर घरातही साहेब झालात म्हणाला. साहेबराव जागचे हलले नाहीत. हाक त्यांच्यासाठी आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते अजून जुन्या हाकेची वाट बघत होते. गिरजाबाईंनी पुन्हा हाक मारली, तशीच, आवाज न चढवता, आणि मग पुढच्या ताटात भात वाढायला घेतला.